१९५२ च्या एमजी टीडीचे मूळ नट-बोल्ट न विचारता बदलल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
रिस्टोरेशन विभाग

महोदय,

माझी एमजी टीडी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी मूळ रूपात आणण्यासाठी अकरा महिने तुमच्या वर्कशॉपमध्ये होती आणि गेल्या महिन्यात ती मी घरी आणली. रंगकाम अप्रतिम झालं आहे. सीटचं काम तर मूळ शिलाईचे टाके मोजून केलेलं दिसतं. ज्या कारागिराने ते केलं त्याला माझा नमस्कार सांगा. तक्रार आहे ती नट-बोल्टांबद्दल. वाचून हसू येत असेल तर आधी पुढचं वाचा.

गाडी आणल्यावर चौथ्या दिवशी इंजिनखाली तेलाचे थेंब दिसले. संपच्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या तसराळ्याच्या, कडेचा एक बोल्ट जरा आवळावा म्हणून मी नेहमीचा १/४ व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाचा, पाना लावला, तर तो डोक्यावर सैल पडला. बोल्टच्या डोक्यावर ८.८ असा ताकदीच्या प्रतीचा आधुनिक शिक्का दिसला. काढून पाहिला, तर आट्यांत बीडाचा भुगा भरलेला होता. मग कडेचे बाकीचे बोल्ट तपासले. सगळे नवे निघाले.

या इंजिनाची गोष्ट तुमच्या माणसांना कोणी सांगितलेली दिसत नाही, म्हणून मी सांगतो. एमजी ज्या मॉरिसच्या उद्योगातून आली त्या मॉरिसने १९२३ साली हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कॉव्हेंट्रीतला इंजिन कारखाना घेतला. तिथली यंत्रं मेट्रिक आटे पाडणारी होती आणि ती तशीच चालू राहिली. पण इंग्लंडात गाडीवाल्यांच्या पेटीत पाने होते व्हिटवर्थचे. त्यामुळे बोल्टचे आटे मेट्रिक ठेवले आणि डोकं मात्र व्हिटवर्थ मापाचं. टीडीच्या १२५० सीसी एक्सपीएजी इंजिनापर्यंत हा विचित्र संसार टिकला. त्यातले ८ मिलिमीटरचे बोल्ट १ मिलिमीटर पिचचे, म्हणजे दोन आट्यांत तेवढं अंतर असलेले, असतात. आज कुठल्याही दुकानात मिळणाऱ्या ८ मिलिमीटरच्या बोल्टचं पिच १.२५ असतं आणि डोकं १३ मिलिमीटरचं. व्हिटवर्थच्या त्या पान्याचं तोंड १३.३ मिलिमीटरचं, म्हणून तो सैल पडला.

१.२५ चा बोल्ट १ पिचच्या भोकात एक-दोन फेरे जातो आणि अडतो. हाताने काम करणारा तिथेच थांबतो. तुमच्याकडे एअर गन, म्हणजे हवेच्या दाबावर बोल्ट आवळणारं यंत्र, असणार. गनला काय, ती पुढे जाते आणि बीडातले जुने आटे खरवडून टाकते. सत्तर वर्षं धड राहिलेल्या ब्लॉकची अकरा भोकं मी आतापर्यंत अशी मोजली आहेत. उरलेली उघडायचा धीर झालेला नाही.

हे फक्त इंजिनापुरतं नाही. पुढच्या सस्पेन्शनला चकचकीत स्टेनलेसचे बोल्ट आहेत, डोक्यावर ए२-७० ही प्रत लिहिलेले. गंज येणार नाही हे खरं. पण हा बोल्ट ४५० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताणालाच कायमचा लांबू शकतो, तर साधा ८.८ चा बोल्ट ६४० पर्यंत तग धरतो. म्हणजे जिथे ताकद हवी तिथे चमक लावली, आणि जिथे ८.८ लावला तिथे आटे चुकीचे! स्टिअरिंगच्या बॉल जॉइंटवर कॅसल नट (वर खाचा असलेला) आणि तो फिरू नये म्हणून खाचेतून दांड्यात घालायची स्प्लिट पिन होती. तिथे आता नायलॉक नट, म्हणजे आतल्या नायलॉनच्या कडीने आटे घट्ट धरणारे, आहेत. दांड्यातलं स्प्लिट पिनचं भोक तसंच आहे आणि त्याची धार नायलॉनची कडी कापते, म्हणजे नट धरून ठेवायला भरवशाचं काही उरत नाही. हे दिसल्यापासून मी गाडी रस्त्यावर काढलेली नाही.

लाकडी चौकटीतले सरळ खाचेचे स्क्रू जाऊन फुलीच्या खाचेचे आले आहेत. त्याने जिवाला धोका नाही, मान्य. पण दार उघडलं की नजर पहिल्यांदा तिथेच जाते.

काम देताना मी लेखी दिलं होतं: प्रत्येक बोल्ट जागेच्या चिठ्ठीसह पिशवीत ठेवावा, साफ करून आटे तपासावेत, वाकलेला, ताणलेला किंवा चिरलेला असेल तरच बदलावा आणि बदलण्यापूर्वी मला विचारावं. स्प्लिट पिन, गॅस्केट, स्प्रिंग वॉशर नवेच घाला, हेही त्यातच होतं. जुनं ते सगळं सोनं असा माझा हट्ट नाही. त्या कागदावर तुमच्या सुपरवायझरची सही आहे. फोनवर मात्र मला उत्तर मिळालं, “सर, ते सगळं गंजलेलं होतं, भंगारात दिलं. उलट तुम्हाला नवीन टाकून दिलंय.”

गंजलेलं नव्हतं. त्यावर गंज रोखणाऱ्या कॅडमियम धातूच्या मुलाम्याचा मळकट राखाडी थर होता. डोक्यांवर बनवणाऱ्या कारखान्यांची नावं उठावात होती, वेगवेगळ्या जागी वेगवेगळी. कुठला बोल्ट कुठे होता हे पाहून ही गाडी कशी जोडली गेली ते वाचता येत होतं. रंग पुन्हा देता येतो, चामडं पुन्हा शिवता येतं. ती बादलीभर लोखंडं कुठून आणायची?

आता माझ्या मागण्या. भंगारवाल्याकडे आज माणूस पाठवा. त्याच्याकडे माल पडून असण्याची थोडी तरी शक्यता आहे आणि रोज ती कमी होते आहे. स्टिअरिंग आणि सस्पेन्शनचे बोल्ट व नट तुमच्या खर्चाने योग्य प्रतीचे, मूळ आट्यांचे बसवा. त्यासाठी गाडी ट्रेलरवरून न्यावी लागेल, चालवत नाही. ब्लॉकची भोकं मोठी करून जाड बोल्ट घालायचा विचारही नको. तिथे ८ बाय १ चे थ्रेड इन्सर्टच, म्हणजे भोकात बसवायचे नव्या आट्यांचे तुकडे, बसले पाहिजेत, आणि ते काम एक्सपीएजी इंजिन आधी हाताळलेल्या माणसाने, माझ्यासमोर करावं. जे मूळ बोल्ट सापडणार नाहीत त्यांच्या जागी त्याच आट्यांचे, त्याच डोक्याचे बोल्ट बनवून घ्या. काय काय बदललं याची जागेनिशी यादीही मला हवी. बिलात ‘हार्डवेअर, किरकोळ’ एवढीच ओळ आहे. ती रक्कम परत करा.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर यावं. न आल्यास कायदेशीर मार्ग मोकळा आहे. सही केलेल्या कागदाची प्रत, अकरा भोकांचे फोटो आणि भुगा भरलेला तो पहिला बोल्ट, त्याचाही फोटो, सोबत जोडला आहे. बोल्ट स्वतः माझ्याकडेच राहील.

आपला,
गाडीमालक