तरुणांच्या ताठरतेच्या तक्रारीची तपासणी व्हावी : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री,
सविनय नमस्कार.

लिंगाला पुरेशी ताठरता येत नाही किंवा आलेली टिकत नाही, अशी तक्रार घेऊन एखादा तरुण दवाखान्यात आला, की त्याच्या पदरी बहुधा ‘हे सगळे मनाचे आहे’ हा दिलासा पडतो, नाहीतर गोळी. तपासणी क्वचितच होते. ती सरकारी आरोग्य केंद्रांत नियमाने व्हावी, एवढ्यासाठी हे पत्र.

ताठरता मुळात रक्तप्रवाहावर अवलंबून आहे. उत्तेजनेनंतर मज्जातंतूंच्या टोकांतून आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटते, त्याने तेथील स्नायू सैलावतात, रक्त आत भरते आणि शिरा दाबल्या गेल्याने तेथेच अडते. लिंगाच्या धमन्या जेमतेम १ ते २ मिलिमीटर रुंद, तर हृदयाच्या ३ ते ४; त्यामुळे मधुमेह, रक्तदाब, तंबाखू किंवा वाढलेल्या कोलेस्टेरॉलमुळे अस्तर बिघडू लागले, तर त्याची खूण छातीत दुखण्याच्या काही वर्षे आधी येथे दिसू शकते. ही खूण आपण लाजेपोटी वाया घालवतो.

तरुणांमध्ये मानसिक कारणे अधिक आढळतात, हे मान्य. एकदा फसले की पुढच्या वेळी भीती वाटते, भीतीने अ‍ॅड्रेनलिन वाढते आणि तेच रक्तवाहिन्या आकसवते. पहाटे ताठरता नीट येत असेल आणि अडचण केवळ संबंधांच्या वेळी येत असेल, तर कारण बहुधा या दिशेचे असते. पण नैराश्य हा स्वतंत्र आजार आहे आणि त्यावरील काही औषधांनीही ताठरता मंदावते; शरीर कमावण्यासाठी घेतलेल्या स्टेरॉइडमुळे शरीरातील टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची निर्मिती थंडावते; थायरॉइड किंवा प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचा बिघाड, अतिमद्यपान, स्थूलपणा, झोपेत श्वास अडणे हेही पाहावे लागते. इटलीतील एका रुग्णालयाच्या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या तक्रारीसाठी प्रथमच आलेल्या दर चार रुग्णांपैकी एक चाळिशीच्या आतला होता आणि अशा तरुणांपैकी जवळपास निम्म्यांची अडचण तीव्र स्वरूपाची होती. रुग्णालय एकच असल्याने हे प्रमाण सर्वत्र लागू करता येणार नाही. तरी ‘या वयात असे काही नसते’ हे म्हणणे त्यापुढे टिकत नाही. (हस्तमैथुन आणि स्वप्नदोष यांना दोष देणाऱ्या जाहिरातींबद्दल न बोललेलेच बरे.)

म्हणून विनंती अशी, की या तक्रारीसाठी येणाऱ्या प्रत्येक तरुणाचा रक्तदाब, कमरेचा घेर, रक्तातील साखर व कोलेस्टेरॉल तपासले जावे, चालू औषधांची आणि व्यसनांची विचारपूस व्हावी, आणि कामेच्छाही कमी असल्यास सकाळच्या वेळी टेस्टोस्टेरॉन पाहिले जावे. समुपदेशनात, त्याची इच्छा असल्यास, जोडीदारालाही घ्यावे. सिल्डेनाफिलसारखी ताठरतेसाठीची गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकली जाऊ नये, कारण हृदयविकारावरील नायट्रेट औषधांसोबत ती घेतल्यास रक्तदाब धोकादायकरीत्या घसरतो. ‘शक्तिवर्धक’ चूर्णांतही तीच न सांगता मिसळलेली अनेकदा सापडली आहे, तेव्हा त्यांचे नमुनेही तपासावेत. मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागात तर हा प्रश्न रुग्णाने काढण्याची वाट न पाहता डॉक्टरांनीच विचारावा, आणि तो बंद दाराआड विचारता येईल अशी खोली द्यावी.

आपला विश्वासू,
एक डॉक्टर