आई, तिकिटं चातुर्मासाच्या आधीची काढूया

सिल्व्हर स्प्रिंग, मेरीलँड

ती. आई आणि ती. बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर बोलणं होतं, पण ते सगळं खुशालीचं. सविस्तर काही सांगायचं म्हटलं की कुकरची शिट्टी होते किंवा दारात कोणीतरी येतं. म्हणून पत्र लिहायला बसले.

तुमचा व्हिसा झाला. आता तिकिटं काढायची, तर आईचं एकच पालुपद चालू आहे: "तिकडे बाहेर पडलं की आम्ही खायचं काय?" आई, या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तयार आहे. मी तुम्हाला इथिओपियन हॉटेलांत नेणार आहे, आणि एकदाच नेऊन थांबणार नाही. इथल्या भारतीय हॉटेलांतलं साय घातलेलं पनीर तुला दोन घासांत नकोसं होईल. इथिओपियन जेवणाचं तसं नाही. त्यात तुला पटणाऱ्या बऱ्याच गोष्टी आहेत, आणि एक न पटणारीही आहे. तीही सांगते.

आधी हे लोक इथे इतके कसे, ते बाबांसाठी. 1974 मध्ये तिथल्या लष्कराने सम्राट हैले सेलासी यांना पदच्युत केलं. त्यानंतर लष्करी राजवट आली, धरपकड झाली, माणसं मारली गेली, आणि जीव वाचवायला हजारो लोक देश सोडून निघाले. 1980 मध्ये अमेरिकेत निर्वासितांसाठी नवा कायदा झाला आणि अनेकांना इथे आसरा मिळाला. वॉशिंग्टनमध्ये त्यांच्यातले काही शिकायला आलेले आधीपासून होते, त्यामुळे पुढचेही इथेच आले. आज अमेरिकेतली त्यांची सर्वांत मोठी वस्ती याच भागात आहे. शहरातलं पहिलं इथिओपियन हॉटेल, मामा डेस्टा, 1978 मध्ये जॉर्जिया अॅव्हेन्यूवर निघालं. मग अॅडम्स मॉर्गनमधल्या अठराव्या रस्त्यावर एकापाठोपाठ एक हॉटेलं सुरू झाली. तिथली भाडी चढली तशी ती यू स्ट्रीट आणि नवव्या रस्त्याकडे सरकली, आणि आता आमच्या सिल्व्हर स्प्रिंगमध्ये आणि नदीपलीकडे व्हर्जिनियात पसरली आहेत. यू स्ट्रीटवरचं डुकेम मोठं आणि गजबजलेलं आहे. झेनेबेक मला जास्त आवडतं. तिथे मुळात इंजेरा, म्हणजे त्यांचं आंबवलेल्या पिठाचं मोठं धिरडं, भाजून विकायचे, हॉटेल मागून झालं. पण तुम्हाला आधी घराजवळ नेईन, म्हणजे बाबांना चालायला फार पडणार नाही.

आता ताटाकडे येते. ताट म्हणजे एक मोठा गोल थाळा, आणि थाळ्याच्या तळाशी इंजेरा पसरलेला. इंजेरा तेफ नावाच्या धान्याचा करतात. दाणा खसखशीएवढा बारीक. पीठ भिजवून दोन-तीन दिवस आंबवतात आणि मिताड नावाच्या मोठ्या तव्यावर बाहेरून आत असं गोल गोल ओततात. वर झाकण ठेवतात, उलटत नाहीत. खालची बाजू गुळगुळीत राहते आणि वरच्या बाजूला जाळी पडते. त्या जाळीतच सगळी चव मुरते. आंबटपणा पहिल्यांदा जिभेला जरा जास्त वाटतो. बाबा, तुम्हाला पित्ताचा त्रास आहे, म्हणून पहिल्या दिवशी बेताने घ्या. साखरेचंही लक्षात ठेवा, कारण इंजेरा किती पोटात गेला हे खाताना कळतच नाही. इथे बऱ्याच ठिकाणी तेफमध्ये दुसरी पिठंही मिसळतात. निव्वळ तेफचा हवा असेल तर आधी विचारावं लागतं, कुठे कुठे आदल्या दिवशी सांगावं लागतं.

त्या पसरलेल्या इंजेरावर भाज्यांचे आणि डाळींचे ढीग घालतात. शाकाहारी थाळ्याला बेयाय्नेतू म्हणतात. मसुरीची लालभडक, तिखट डाळ म्हणजे मिसिर वॉट. हळद घातलेली, बिनतिखट वाटाण्याची डाळ म्हणजे किक अलिचा. कोबी, गाजर, बटाट्याची पिवळी भाजी. गोमेन ही हिरवी पालेभाजी, लसूण-आल्याची. बाजूला टोमॅटोची कच्ची कोशिंबीर. आणि शिरो. आई, शिरो म्हणजे सरळ सरळ पिठलंच. हरभऱ्याचं पीठ आधीच मसाला घालून दळून ठेवलेलं असतं, ते शिजवतात आणि मातीच्या छोट्या भांड्यात रटरटतच टेबलावर आणतात. त्यांचा बर्बेरे मसाला लाल मिरचीचा. मेथी, ओवा, सुंठ आणि त्यांच्याकडची मोठी वेलची घालून केलेला. वास येताच तू त्यातलं निम्मं ओळखशील, उरलेलं मला विचारशील, आणि मलाही सांगता येणार नाही.

आता न पटणारी गोष्ट. या सगळ्याचा पाया कांदा आहे. ढीगभर कांदा अगदी बारीक चिरून आधी कोरडाच, तेलाशिवाय, मंद आचेवर परततात. तो पुरता विरघळला की मग तेल आणि मसाला. कांदा-लसूण काढून टाकलं तर मागे काही उरत नाही. तू चातुर्मासात कांदा खात नाहीस आणि तुझा नेम मोडावा असं मला मुळीच वाटत नाही. म्हणून माझा आग्रह आहे की तुम्ही एप्रिलमध्ये या आणि आषाढी एकादशीच्या आधी परत जा. उन्हाळ्याच्या सुट्टीत भाडी वाढतात, त्या आधी तिकिटंही बरी मिळतील.

एरवी शाकाहाराची काळजी करू नकोस. इथल्या अनेक हॉटेलांचे मालक त्यांच्या ऑर्थोडॉक्स चर्चला मानणारे आहेत आणि त्यांचे उपास फार कडक असतात. दर बुधवारी आणि शुक्रवारी उपास. ईस्टरच्या आधी सलग 55 दिवसांचा मोठा उपास. उपासाला मांस नाही, अंडं नाही, दूध, लोणी, तूपसुद्धा नाही, आणि देवाची प्रार्थना होईपर्यंत पोटात काही घालायचं नाही, मग ते दुपारपर्यंत लांबलं तरी चालेल. उपासाचं जेवण मागितलं की वेटर दुसरा प्रश्न विचारत नाही. शाकाहार म्हणजे काय हे समजावून सांगत बसावं लागत नाही, याचं मला आल्या आल्या केवढं हायसं वाटलं होतं! एवढं मात्र आधीच सांगून ठेवते, शेजारच्या टेबलावर किटफो असू शकतो. तो कच्च्या गोमांसाचा खिमा असतो, वर मसाल्याचं तूप सोडलेलं. तू तिकडे पाहू नकोस म्हणजे झालं. बाबांना घराबाहेर जे चालतं ते तिथेही मिळेल. त्यांची कोंबडी, डोरो वॉट, तासन्‌तास शिजलेल्या कांद्यात केलेली असते आणि प्रत्येकाच्या वाट्याला एक उकडलेलं अंडं येतं.

आता तुझ्या मनातली दुसरी शंका. एका थाळ्यात सगळ्यांनी खायचं म्हणजे उष्टं नाही का? मी पहिल्यांदा गेले ते माझ्या लॅबमधल्या मैत्रिणीबरोबर. ती अदिस अबाबाची. मी तिचा हात बघत होते. ती फक्त उजव्या हाताने इंजेराचा तुकडा तोडायची, त्याच्या चिमटीत भाजी उचलायची आणि घास तोंडात टाकायची, पण बोट ओठाला लागू द्यायची नाही. बोटं चाटणं त्यांच्यात अगदी वाईट समजतात. आपल्या समोरच्या बाजूचंच खायचं, दुसऱ्याच्या बाजूला हात न्यायचा नाही. जेवणाआधी हात धुणं आलंच. तुझ्या कडक नजरेतूनही हे पास होईल.

आणि मला खरं सांगायचंय ते इथून पुढे. आई, मी तुला आमच्याबरोबर जेवायला बसलेलं फारसं पाहिलेलंच नाही. आम्ही पानावर, तू ओट्याशी. पोळी तव्यावरून थेट बाबांच्या ताटात, पुढची दादाच्या, मग माझ्या. आमचा मागचा भात व्हायचा तोवर तू बसलेली नसायचीस. मग सगळी ताटं उचलून, ओटा पुसून, उरलेली आमटी आणि सकाळची पोळी घेऊन एकटी बसायचीस. मी म्हटलं की "तू पण बस ना", तर म्हणायचीस, "तुमचं होऊ दे, मला गार चालतं." बाबा, यात तुम्हाला दोष देत नाहीये. घराघरांत हेच होतं आणि आजी तर आईच्याही मागून जेवायची. पण मला ते आता फार आठवतं.

त्या थाळ्याशी तसं होऊच शकत नाही. थाळा एक, तो मधोमध ठेवला की सगळ्यांनी एकदम सुरुवात करायची. वाढणारं कोणी उभं राहत नाही. मागून बसलं तर खायला उरणारच नाही! माझी मैत्रीण सांगते की तिच्या घरीही आईचा अर्धा दिवस मिताडपाशी, धुरात जायचा. कष्ट तिच्याही वाट्याला होतेच. पण थाळा मांडला की तिलाही त्याच थाळ्याशी बसवून घ्यायचे, आणि पहिला गुर्शा तिला. गुर्शा म्हणजे आपल्या हाताने घास करून दुसऱ्याच्या तोंडात भरवायचा. घास मोठा असेल तितकं प्रेम जास्त, आणि नको म्हणणं बरं दिसत नाही. मोठी मोठी माणसं, केस पिकलेली, हॉटेलात सगळ्यांसमोर एकमेकांना भरवत असतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. तेव्हा आई, तू आलीस की पहिला घास मी तुला भरवणार आहे, मिसिर वॉटचा. आणि बाबांनीही एक भरवायचा आहे. लग्नात नाव घेताना भरवला होता तेवढाच, असं तू कधीतरी म्हणाली होतीस.

बाबा, तुमच्यासाठी दुसरं एक काम काढून ठेवलंय. आम्ही जातो त्या हॉटेलात संध्याकाळी एक वयस्कर गृहस्थ कोपऱ्यात कॉफी घेत बसलेले असतात. मी भारतातली म्हटल्यावर त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं. सम्राटांच्या काळात इथिओपियाच्या शाळांत भारतातून नेलेले खूप शिक्षक होते, विशेषतः केरळचे, आणि यांना गणित शिकवणारे मास्तर त्यांच्यातलेच. मास्तरांबद्दल ते अजून उभं राहिल्यासारखं बोलतात. मी त्यांना मलिक अंबरची गोष्ट सांगितली. 1548 च्या सुमारास त्यांच्या देशात जन्मलेला मुलगा, गुलाम म्हणून विकला गेला, बगदादमार्गे दख्खनला पोचला, निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, 1610 मध्ये त्याने खडकी वसवली, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, आणि तेच आमचं गाव. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. भातवडीच्या लढाईपर्यंत मी कसंबसं सांगितलं, पण शहाजीराजे कुठल्या बाजूला होते आणि का, हे तुम्ही वर्गात सांगायचात तसं मला जमलं नाही. जमिनीखालची नहर कशी चालते तेही त्यांना समजून घ्यायचंय. तर येताना भडकल दरवाजाचे आणि खुलताबादच्या कबरीचे चांगले, मोठे फोटो काढून छापून आणा. नहरीचे उसासे, म्हणजे हवेसाठी बांधलेले मनोरे, दिसतील असाही एक. पुढचं तुम्ही बघा, मी भाषांतराला बसेन.

कॉफीसाठी शनिवार-रविवारी जाऊ, तेव्हा काही ठिकाणी सगळा सोपस्कार करतात. हिरव्या बिया तुमच्यासमोर भाजतात, धूर निघायला लागला की ते भांडं प्रत्येकाच्या नाकाशी फिरवतात, मग कुटून जबेनात, म्हणजे लांब मानेच्या मातीच्या भांड्यात, उकळतात. बाजूला ऊद जळत असतो आणि खायला मक्याच्या लाह्या. कॉफीच्या तीन फेऱ्या होतात, पुढची पहिलीपेक्षा फिकी. घाई करायची नाही. आई, तू कॉफी घेत नाहीस हे माहीत आहे, तुला दालचिनी-लवंगेचा त्यांचा चहा सांगू.

थोडं व्यवहाराचं. काही हॉटेलांत मेसोब असतात, विणलेल्या टोपलीची बुटकी टेबलं, भोवती ठेंगणी स्टुलं. दिसायला फार सुंदर, पण बाबांच्या गुडघ्यांना झेपणार नाहीत, म्हणून साधं टेबल मागून घेऊ. इथिओपियन एअरलाइन्सचं विमान मुंबईहून अदिस अबाबाला आणि तिथून वॉशिंग्टनला येतं. इथल्या दुकानांसाठी ताजा इंजेराही अदिसहून विमानानेच येतो. त्या मार्गाने यायचं का ते दादाला विचारून ठरवा, मधला थांबा फार लांबलचक नसेल तरच. दोघांसाठी व्हीलचेअर आधीच सांगून ठेवते, त्यात लाजायचं काही नाही.

डाळी, पिठं, पापड यांनी बॅग भरू नका, सगळं इथे मिळतं. मेथकूट मात्र घरचंच आणा. बाबांच्या गोळ्या तीन महिन्यांच्या घ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा. रविवारी फोन करते तेव्हा तारखा पक्क्या करू, तोवर दादाबरोबर कॅलेंडर बघून ठेवा. वहिनीला आणि पिल्लाला गोड पापा.

तुमची,
मनू