अँटरेन आणि माझे कान

गांबोआ, पनामा

प्रिय सुमे,

तब्येत ठीक, गुडघा आहे तसाच. रागावली असशील, पण आधी ऐक. हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर 'वय झालं' म्हणून मोकळे होतील.

परवा आम्ही पाइपलाइन रोडच्या रानात पक्षी मोजत होतो. बरोबरच्या पोराने एकदम हात वर केला. हाकेच्या अंतरावर अँटरेन, इथला एक चिमुकला पक्षी, नर, गळ्यावर काळे-पांढरे चौकडे. वेलीत अडकलेल्या वाळक्या पानाला उलटा लटकला, पानाच्या सुरळीत डोकं खुपसलं आणि किडा ओढून काढला. पानाची कुरकुर मला नीट ऐकू आली. मग त्याने चोच उघडली. गळा थरथरत होता गं, पोरगा मान डोलवत होता, आणि मला काही म्हणजे काहीच ऐकू येईना! फार बारीक, वरच्या पट्टीतला आवाज असतो त्याचा.

हसू नकोस. आंबोलीत पहाटे शीळकरी कस्तुराला 'कोण रे तो मवाली' म्हणून चप्पल फेकणारी तू. चप्पल माझी होती, अजून भरून दिलेली नाहीस.

पण इथली गणती कानांवर चालते. गर्द रानात दिसतं कितीसं? ऐकू आला नाही की तक्त्यात शून्य. आणि इथे शून्य फार जड असतं. कालव्यासाठी चाग्रेस नदी अडवली, १९१४ पर्यंत तळं भरलं, टेकडीचं बारो कोलोरादो बेट झालं. मग तिथले झाडोऱ्यातले कितीतरी पक्षी एकेक करून गेले. लष्करी मुंग्यांपुढे पळणारे किडे टिपणारा ऑसेलेटेड अँटबर्डही गेला. बाहेरून नवे येईनात, कारण यातल्या बऱ्याच जणांना उघडं पाणी ओलांडवत नाही. होडीतून सोडून पाहिलं, तर काहींना शंभर मीटरही जमेना, पाण्यात पडले.

अशा ठिकाणी माझ्या वहीत एखादा 'नाही' व्हायचा आणि तो डोक्यावर बसून गात असायचा! रेकॉर्डर लावता येतात, लावतोच. मग माझं काय काम, सांग. पोरगा अजून कुणाला बोललेला नाही. सोमवारी मीच साहेबांना सांगेन म्हणते; काल रात्री तीनदा ठरवलं, तीनदा मोडलं.

प्राजूचं जमलं ना? स्वयंपाकघराचं काम संपलं का? फोटो पाठव. आणि ताईला यातलं अक्षर कळू देऊ नकोस, लगेच कानात लसणीचं तेल घालायला लावेल.

तुझी,
नंदा