काटा अचानक खाली पडतो तेव्हा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं आणि आज सकाळीच उत्तर लिहायला बसलोय. गाडीचा टेम्परेचरचा काटा मध्येच खाली पडतो आणि गॅरेजवाल्याने सेन्सर बदलूनही फरक नाही, असं तू लिहिलंयस. त्यातल्या एका वाक्याने माझी झोप उडवली. "काटा वर गेला असता तर थांबलो असतो, पण तो तर खाली पडतो, म्हणजे इंजिन थंडच असणार ना?" नाही रे. मीही हेच समजलो होतो आणि त्यापायी एक इंजिन घालवून बसलो. हे पत्र वाचून होईपर्यंत गाडी बाहेर काढू नकोस.

ती गोष्ट तुला मी अर्धीच सांगितली होती. लांबच्या प्रवासात चढ लागला, टेम्परेचरचा काटा पाऊणपर्यंत चढला आणि एकदम तळाला आला. मला हायसं वाटलं. खरं तर एका होजची क्लॅम्प ढिली होऊन कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, वाटेत सांडत आलं होतं. सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तोवरच पाण्याचं तापमान सांगतो. पातळी त्याच्या खाली गेली की तो वाफेत किंवा हवेत उघडा पडतो, आणि हवा काही पाण्यासारखी उष्णता त्याच्यापर्यंत पोचवत नाही. काटा पडला तो एवढ्यामुळे. इकडे सिलिंडर हेड तापतच होतं. थोड्या वेळाने बॉनेटमधून वाफ आली, गाडीची ओढ गेली. हेड गॅस्केट (हेडखालचं सील) जळालं होतं आणि हेड वाकलं होतं. त्या दिवशी काचेवरची वाफ जावी म्हणून हीटर लावला होता, तर त्यातून गार हवा येत होती. हीटरमध्ये इंजिनचंच गरम पाणी फिरतं. इंजिन तापलेलं असताना हीटर गार पडला तर पाणी संपत आलं असं समजायचं. मला ते तेव्हा ठाऊक नव्हतं. तुला आता ठाऊक आहे.

तेव्हा पहिलं काम, सेन्सरला हात लावण्याआधीचं: रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचं बॉनेट उघड. कूलंटच्या टाकीतली पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे का बघ, आणि रेडिएटरला वेगळं झाकण असेल तर ते काढून आतही काठोकाठ आहे का बघ. टाकी भरलेली दिसते आणि रेडिएटर रिकामा निघतो, असं होतं. गरम इंजिनवर मात्र ते झाकण कधीही उघडू नकोस, फडकं धरूनसुद्धा नाही. बहुतेक झाकणं आत साधारण १ बार जादा दाब धरून ठेवतात, त्यामुळे साधं पाणीही १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो आणि तेच पाणी त्या क्षणी वाफ होऊन अंगावर येतं.

पातळी कमी निघाली तर गळती शोध, सेन्सरचा विषय तिथेच सोडून दे. पातळी बरोबर असेल तर पुढचं वाच.

तू लिहितोस की काटा दहा मिनिटांत अर्ध्यावर येतो, मध्येच एका झटक्यात तळाला जातो आणि आपोआप परत येतो. हा झटका महत्त्वाचा आहे. थर्मोस्टॅट (पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) उघडा अडकला तरी काटा खाली येतो, पण हळूहळू, मोकळ्या रस्त्यावर वारा लागला की, आणि गर्दीत पुन्हा चढतो. पाणी क्षणात गार होत नाही. क्षणात पडणारा काटा वीज तुटल्याचं सांगतो.

तुझी गाडी जुनी आहे, म्हणजे तिच्यात बहुधा दोन वेगळे सेन्सर असतील: एका तारेचा, जो फक्त मीटरला जातो, आणि दोन तारांचा, जो इंजिनच्या कंट्रोल युनिटला जातो. गॅरेजवाल्याने यातला कोणता बदलला, ते आधी विचार. दोन तारांचा बदलला असेल तर काट्यात काहीच फरक पडणार नव्हता. तो सेन्सर बिघडला की लक्षणं वेगळी असतात: गाडी सुरू व्हायला कुरकुरते, पेट्रोल जास्त खाते, पुष्कळ गाड्यांत फॅन सतत फिरतो आणि स्कॅनरवर पी०११७ किंवा पी०११८ असा कोड येतो. तुझी गाडी चालायला उत्तम आहे म्हणतोस, तर त्या सेन्सरला तूर्त हात लावू नकोस.

एका तारेच्या सेन्सरचं काम सोपं आहे. तो गार असताना त्याचा रेझिस्टन्स जास्त असतो, तापला की कमी होतो, आणि त्याची परतीची वाट म्हणजे इंजिनचा धातू. तार सुटली की मीटरला वाटतं रेझिस्टन्स अपार आहे, म्हणून काटा तळाला. तार कुठे धातूला चिकटली की काटा थेट लालमध्ये. यावरूनच तपासणी कर. इंजिन बंद, इग्निशन चालू. सेन्सरवरचा कपलर (तारेचा जोड) काढ, काटा तळाला हवा. मग त्या तारेचं टोक इंजिनच्या स्वच्छ धातूला क्षणभर टेकव. वहिनींना आत बसून काटा बघायला सांग. तो वर उसळला तर मीटर आणि तार दोन्ही शाबूत, दोष सेन्सरमध्ये किंवा त्याच्या अर्थिंगमध्ये. हलला नाही तर दोष तारेत किंवा मीटरमध्ये. टोक जास्त वेळ टेकवून ठेवू नकोस, मीटरला सोसवत नाही. बहुतेक जुन्या गाड्यांत हे असंच चालतं, तरी तुझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये एकदा बघून घे.

तुझा दोष येतो-जातो, म्हणून अजून एक. इंजिन गरम होऊन काटा अर्ध्यावर आला की, इंजिन चालू ठेवून, फॅन आणि बेल्टपासून हात लांब ठेवून, ती तार कपलरपासून मागे हळूहळू हलवत जा. जिथे हलवल्यावर काटा पडेल तिथेच ती आतून तुटलेली आहे. कपलरच्या पिनवर हिरवट थर दिसला तर आधी तो साफ कर. मला स्वतःला सर्वात जास्त संशय या पिनचाच आहे.

त्याच्या खालोखाल संशय आहे नव्या सेन्सरच्या आट्यांचा. गळू नये म्हणून त्यावर पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळली असेल, तर त्याचं अर्थिंगच अडलं असेल. मल्टिमीटरचं एक टोक सेन्सरच्या धातूच्या अंगाला, दुसरं बॅटरीच्या मायनसला लाव. आकडा जवळजवळ शून्य हवा. आणि हो, पेट्रोलचा काटाही त्याच वेळी पडतो का, तेही बघ. दोन्ही एकदम पडत असतील तर दोघांना मिळणारा करंटच डॅशबोर्डमध्ये कुठेतरी तुटतोय. मग सेन्सर दहा वेळा बदलूनही उपयोग नाही.

सेन्सरवरच शंका उरली तर तो काढून पातेल्यातल्या पाण्यात धर, शेजारी थर्मामीटर ठेव आणि पाणी तापवत त्याचा रेझिस्टन्स ओहममध्ये मोजत जा. आकडा सलग उतरत गेला पाहिजे, कुठेही उडी नको. किती अंशांना किती ओहम हे प्रत्येक गाडीचं वेगळं, ते मॅन्युअलमध्ये मिळेल. चुकीचा सेन्सर बसवला असेल तर तोही इथेच सापडतो.

मीटरचा अख्खा सेट बदलायचं तू जे लिहिलंयस, ते इतकं सगळं पाहून होईपर्यंत थांबव. आणि तोवर गाडी काढावीच लागली, तर लांब जाऊ नकोस, निघण्याआधी रोज पातळी बघ, आणि काटा पडला की लगेच हीटर लावून बघ. गार हवा आली तर बाजूला घेऊन तिथेच इंजिन बंद कर. पुढच्या वळणापर्यंतसुद्धा जाऊ नकोस.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. बाकीचं सावकाश कळव, पण टाकीतली पातळी किती होती ते उद्याच लिही.

तुझाच,
जुना मित्र