पंचवीस स्त्रीबीजे ही नेहमीच आनंदाची बातमी नसते

महोदय,

वंध्यत्वावरील उपचारांच्या बातम्यांत यशाचे आकडे ठळक असतात. स्त्रीबीजे वाढवण्याच्या औषधांना अंडाशयांनी गरजेपेक्षा जास्त प्रतिसाद दिला तर काय होते, हे क्वचितच छापले जाते. माझ्या भाचीची आयव्हीएफच्या (शरीराबाहेर गर्भ तयार करण्याच्या उपचाराच्या) वेळी २५ स्त्रीबीजे निघाली, तेव्हा आमच्या घरी पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले होते. पाचव्या दिवशी तिचे पोट तट्ट फुगले, लघवी कमी झाली, आडवे होताच दम लागू लागला आणि पोटातले पाणी काढण्यासाठी तिला रुग्णालयात दाखल करावे लागले.

वय २८, जुना पीसीओडी (अंडाशयांत अनेक लहान बीजकोश असण्याचा विकार) आणि बीजांचा साठा दाखवणाऱ्या एएमएच या संप्रेरकाची वाढलेली पातळी पाहता हा धोका आधीच दिसत होता. बीजे पक्व होण्यासाठी शेवटी दिले जाणारे एचसीजी या संप्रेरकाचे इंजेक्शन शरीरात कित्येक दिवस टिकते. त्याच्या प्रभावाने अंडाशयांतून स्रवणाऱ्या द्रव्यांमुळे रक्तवाहिन्या झिरपू लागतात, पाणी पोटात आणि कधी छातीतही साठते, आणि घट्ट झालेल्या रक्तात गुठळी होण्याची भीती असते. त्याच महिन्यात गर्भ राहिला, तर गर्भाचे स्वतःचे एचसीजी त्यात भर घालते.

अशा स्त्रीसाठी अँटॅगोनिस्ट पद्धतीने (बीजे वेळेआधी सुटू नयेत म्हणून उपचारांच्या मध्यापासून थोडेच दिवस औषध देऊन) उपचार करून, शेवटी एचसीजीऐवजी ल्युप्रोलाइड किंवा ट्रिप्टोरेलिन देऊन आणि सर्व गर्भ गोठवून हा धोका पुष्कळ कमी करता येतो. जोडीला रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपणे कमी करणाऱ्या कॅबरगोलीनच्या गोळ्याही देतात. मात्र हे ऐन वेळी ठरवता येत नाही, कारण हे पर्यायी इंजेक्शन मेंदूतील पिट्युटरी ग्रंथीमार्फत काम करते आणि ती ग्रंथी आधीपासून दाबून ठेवणाऱ्या जुन्या ‘लाँग’ पद्धतीत ते कामच करत नाही. शिवाय या इंजेक्शननंतर लगेच गर्भ गर्भाशयात सोडल्यास तो राहण्याची शक्यता घटते, म्हणून गोठवण्याची तयारी आधीपासून हवी.

इथे दोष एकट्या डॉक्टरांचा नव्हता, हे कबूल करायला हवे. गर्भ गोठवण्याचा पर्याय त्यांनी सुचवला होता. ‘बिल वाढवायचे धंदे’ म्हणून आम्हीच तो उडवून लावला आणि याच महिन्यात गर्भ सोडायचा हट्ट धरला. अखेर भाची आजारी पडल्याने गर्भ गोठवावे लागलेच.

साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या कायद्यानुसार दाम्पत्याला उपचारांतील धोके समजावून सांगणे हे केंद्रांचे कर्तव्य आहे. प्रत्यक्षात आमच्यापुढे इंग्रजी कागद सह्यांसाठी सरकवले गेले. संबंधित रुग्णाच्या सोनोग्राफीत किती बीजकोश दिसले, तिला धोका किती आणि शेवटचे इंजेक्शन कोणते देणार, हे पहिल्या सुईपूर्वी मराठीत लिहून देण्याची सक्ती आरोग्य विभागाने करावी. बीजे काढल्यानंतर रोज वजन करावे, ते दिवसात किलोभराने वाढले किंवा लघवी कमी झाली तर तातडीने संपर्क साधावा, ही सूचनाही त्यात असावी, आणि रात्री उचलला जाईल असा फोन क्रमांकही.

– एक वाचक, नाशिक