कार्डवाल्या ताईंना, पेठ तालुक्यातून

ताई नमस्कार, ओळखलं का? मी पेठ तालुक्यातली आशा सेविका, तुम्ही कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी नाशिकहून आमच्या पाड्यावर यायचात आणि सावळघाट लागला की तुम्हाला एसटीत मळमळायचं. तुमचा जुना नंबर लागत नाही म्हणून इथं सगळ्यांसमोरच थँक्यू म्हणते.

गोळ्यांच्या कार्डासाठी, म्हणजे कुठली गोळी कधी घ्यायची ते चित्रात दाखवणाऱ्या. गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून रोज एक लोहाची लाल गोळी, १८० दिवस, बाळंतपणानंतर परत १८० दिवस, वर कॅल्शियमच्या दिवसाला दोन, आणि लाल न कॅल्शियम एकत्र घ्यायची नाही कारण मग लोह अंगी लागत नाही. हे मी घरोघरी तोंडपाठ सांगायचे, बाई मान डोलवायची, पुढच्या वेळी जावं तर स्ट्रिप तशीच.

तुम्ही पहिल्यांदा आणलेलं कार्ड छान होतं, रंगीत, पण त्यावर घड्याळ होतं आणि बाया तोंडाला पदर लावून हसल्या. दुसरं कोणी असतं तर समजावत बसलं असतं. तुम्ही कार्डं उलटी केली न मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनाच काढायला सांगितलं. कॅल्शियमला नागलीची भाकर आली, सकाळची आणि रातची, लाल गोळीला अंथरूण, म्हणजे जेवण जिरल्यावर झोपताना. एका सासूबाईंनी तर सांगितलं, शी काळी होते तेपण काढा, सुनेनं त्या भीतीनंच गोळ्या बंद केल्या होत्या. लाल गोळीनं तसं होतंच, घाबरायचं नसतं, पण हे चित्रात काढायचं आपल्याला सुचलं नसतं बाई!

कार्ड लावायचं कुठं यावरून तर भांडणच. चहाच्या डब्यावर लावू म्हणाल्या, मी म्हटलं चहासोबत लाल गोळी नकोच, तर शेवटी पिठाच्या डब्यावर ठरलं. मग कोणीतरी बोललं की ऑक्टोबरात द्राक्षाच्या छाटणीला आम्ही दिंडोरी-निफाडला जातो, डबा काय डोक्यावर न्यायचा का. म्हणून तुम्ही ते आधार कार्डाएवढं केलं, पिशवीत मावेल असं, मागे गोळ्या कुठवर झाल्या त्याच्या खुणा, म्हणजे तिकडच्या आशाताईलाही बघून कळावं.

तुम्ही सांगितलेलं आठवतं, ही सहभागी डिझाइनची पद्धत १९७० च्या दशकात नॉर्वे-स्वीडनकडे सुरू झाली, कामावर कॉम्प्युटर यायला लागले तेव्हा कामगार संघटना म्हणाल्या की ज्यानं वापरायचं त्यालाही ठरवू द्या. आमच्याकडे पोस्टर छापून येतात, आम्ही चिकटवतो, संपलं. त्यामुळे आधी मला वाटलेलं, फोटो काढतील न जातील.

सगळ्या बाया आता गोळ्या खातात असं नाही हां, खोटं कशाला बोलू. पण कोणी सोडली तर का सोडली ते मला सांगतात, आधी सांगत नव्हत्या.

आता झिंकचं बघायचंय. पोराची हगवण थांबली की आया तिसऱ्या दिवशीच गोळी बंद करतात, द्यायची असते १४ दिवस. आणि ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात टाकायचं, तर घरात लिटरचं माप कोणतं यावर परत बायांची बैठक लागणार. सुट्टी काढून याल का? घाटात पुढच्या सीटवर बसा.