बरं वाटणं आणि बरं होणं : अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॉ. अल्बर्ट एलिस यांना आभारपत्र

आदरणीय डॉ. अल्बर्ट एलिस यांस,
सादर नमस्कार.

24 जुलै 2007 रोजी तुम्ही न्यूयॉर्कमध्ये शेवटचा श्वास घेतलात. त्यामुळे हे पत्र तुमच्या हाती पडणार नाही. तरी ते चारचौघांत लिहितो आहोत, कारण मराठीतून समुपदेशन करणाऱ्या आमच्यासारख्यांचं रोजचं काम तुमच्या देण्यावर उभं आहे, आणि ज्यांना त्याचा उपयोग होतो त्यांतल्या कितीतरी जणांच्या कानावर तुमचं नावही पडलेलं नसतं.

सगळ्यांत मोठे आभार एका फरकाचे : बरं वाटणं वेगळं, बरं होणं वेगळं. तासभर बोलून मन मोकळं केलं की हलकं वाटतं; पुढच्या आठवड्यात तेच रडू तसंच परत येतं. तुम्ही मनोविश्लेषण, म्हणजे मनाच्या तळाशी दडलेल्या जुन्या गोष्टी उकरून काढणारी उपचारपद्धती, शिकलात, वापरलंत, आणि माणसं त्यातून पुरेशी बदलत नाहीत हे दिसल्यावर ते सोडलंत. 1955 मध्ये स्वतःची पद्धत मांडलीत. आज आपण तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतो. माणसाला घटना अस्वस्थ करत नाही, घटनेकडे बघण्याची त्याची दृष्टी करते, हे एपिक्टेटस या प्राचीन ग्रीक तत्त्ववेत्त्याचं जुनं म्हणणं तुम्ही घरी कागद-पेन घेऊन करता येईल असं केलंत.

कागदावर तीन रकाने : घटना, विचार, परिणाम. सोपं दिसतं, पण बहुतेकांची गाडी मधल्या रकान्यात अडते. समजा, लेकीने दिवसभरात तीनदा फोन उचलला नाही आणि आई संतापली. विचाराच्या रकान्यात आई लिहिते, ‘तिला माझी किंमत नाही.’ इथे नवखा समुपदेशक लगेच समजावू लागतो : अहो, कामात असेल ती. आईला तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आणि पुढच्या न उचललेल्या फोनला पुन्हा तोच संताप. कारण ‘किंमत नाही’ हा तिने काढलेला अंदाज आहे, मुळातला विचार नाही. तुम्ही शिकवलंत की अंदाजाशी भांडू नका, तो घटकाभर खरा धरा आणि पुढे विचारा : ‘समजा, खरंच नाही किंमत. मग?’ दोन-तीनदा ‘मग?’ विचारलं की तळाशी सापडतं : ‘तिने मला मान द्यायलाच हवा. नाही दिला तर मी कवडीमोल.’

त्या ‘द्यायलाच’मधला ‘च’ बघा. तुम्ही इंग्रजीत ज्या हट्टी मागणीचा आयुष्यभर पिच्छा पुरवलात, ती मराठीत बऱ्याचदा या एका अक्षरात मावते. म्हणून आम्ही लोकांना लिहिलेल्या कागदावरचे ‘च’ लाल पेनने गोल करायला सांगतो. ‘हवं’ हा शब्द मात्र फसवा आहे. ‘चहा हवा’ ही इच्छा, ‘त्याने वेळेवर यायला हवं’ हा हुकूम. तिथे थांबून विचारावं लागतं : नाही झालं तर चालेल का? ‘चालणारच नाही’ असं उत्तर आलं, तर तो हुकूम समजावा.

मग त्या हुकमाला तीन प्रश्न. असा नियम कुठे आहे? मला वाटतं म्हणून तसं व्हायलाच हवं, हे तर्काला धरून आहे का? आणि हे धरून ठेवून मला काय मिळतंय? उत्तरं एकदा देऊन भागत नाही. घोकलेली उत्तरं मनाला पटत नाहीत, म्हणून ती जोर लावून, मोठ्याने, आपल्या शब्दांत द्यावी लागतात. यानंतरची चूक आमच्याकडे सर्रास होते. नवा विचार म्हणून लोक लिहितात, ‘मला काही फरक पडत नाही.’ हे खोटं असतं, आणि मनाला ते कळतं. इच्छा तशीच ठेवून फक्त हट्ट काढायचा असतो : ‘तिने फोन उचलावा असं मला मनापासून वाटतं. पण उचललाच पाहिजे असा नियम नाही. नाही उचलला तर वाईट वाटेल, आणि ते मी सोसू शकते.’

‘वाईट वाटेल’ हे तसंच राहू दिलंत, याचं ऋण फार मोठं आहे. टिकणारा आनंद म्हणजे कायम हसरा चेहरा असं समजून येणाऱ्याला सांगावं लागतं की संतापाची नाराजी होणं, नैराश्याचं दुःख होणं, चिंतेची काळजी होणं, हेच यश. त्यासाठीचा कल्पनेचा सराव आम्ही जसाच्या तसा देतो : डोळे मिटून नकोसा प्रसंग स्पष्ट उभा करायचा, तो संताप येऊ द्यायचा, मग प्रसंग न बदलता त्याची नाराजी करायची, आणि ती करताना मनात कोणतं वाक्य म्हटलं ते लिहायचं. रोज काही मिनिटं, 30 दिवस. प्रसंगच गोड करून टाकला, म्हणजे कल्पनेत लेकीने लगेच फोन केला, तर सराव फुकट.

आणि नुसत्या कागदावर तुम्ही कुणाला सोडलं नाहीत. एकोणीस वर्षांचे असताना न्यूयॉर्कमधल्या ब्रॉंक्सच्या वनस्पती उद्यानात महिनाभर जाऊन तुम्ही शंभरेक अनोळखी मुलींशी बोललात. एक भेटायला कबूल झाली, तीही आली नाही. भीती मात्र गेली. नकाराला घाबरणाऱ्या तरुणांना हा हिशेब आम्ही नेहमी सांगतो. गृहपाठ टळत असेल तर तुमचाच उपाय : आवडीची गोष्ट गृहपाठानंतर. आमच्याकडे ती बहुधा संध्याकाळचा चहा असते.

दहावीच्या टक्क्यांवर मूल जोखणाऱ्या घरांत तुमची आणखी एक गोष्ट आम्हांला मोलाची वाटते. गुण कृतीला द्यावेत, माणसाला नाही. ‘पेपर वाईट गेला’ हे वाक्य बरोबर, ‘मी वाईट’ हे चूक. आणि ‘पेपर चांगला गेला म्हणून मी चांगला’ हेही तितकंच चूक, कारण पुढच्या पेपरला ते उलटतं. हे पालकांना पटवायला सर्वांत जास्त वेळ लागतो.

जीव नकोसा झालेल्या, किंवा झोप-जेवण सुटलेल्या माणसाच्या हाती आम्ही आधी कागद देत नाही, मानसोपचारतज्ज्ञाकडे नेतो. रकाने नंतर. तुमची शिवराळ भाषाही आम्ही घेतली नाही. इथे तिने माणूस दुखावून उठून जाईल. पण शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांसमोर, थोड्याशा डॉलरांत, आलेल्या माणसाशी बोलून दाखवण्याचा तुमचा रिवाज घेतला. एकाचा कागद फळ्यावर सोडवला जातो आणि मागच्या रांगेत कुणीतरी गुपचूप आपल्या वहीतला ‘च’ गोल करतं.

त्या मागच्या रांगेच्या वतीनेही, मनःपूर्वक आभार.

आपले ऋणी,
मराठीतून तुमची पद्धत शिकवणारे आम्ही काही जण